अंगावरचं बाळ

कॅरियरमध्ये, म्हणजे अंगावर बांधायच्या झोळीत, बाळ असताना भांडी घासता येतात. कपडे वाळत घालता येतात, कानात इअरफोन घालून उभ्याउभ्या ऑफिसची मीटिंग ऐकता येते, जिने चढता येतात, हात जरा लांब धरून पुस्तकसुद्धा वाचता येतं. न जमणाऱ्या गोष्टी त्यामानाने थोड्या. कमरेत वाकायचं नाही; खाली पडलेलं काही उचलायचं तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसायचं आणि एक हात बाळाच्या मानेमागे धरायचा. शेगडीपाशी उभं राहायचं नाही, गरम काही प्यायचं नाही, सायकल किंवा गाडी चालवायची नाही. आणि शिंक आली की तोंड कुठे फिरवायचं हे दर वेळी नव्याने ठरवायचं. बाकी दिवस नेहमीसारखा जातो, फक्त छातीवर एक जीव असतो.

मला जे म्हणायचंय ते या ‘नेहमीसारखा’मध्येच आहे. कॅरियरच्या जाहिरातीत आई किंवा बाप मान खाली घालून बाळाच्या डोळ्यांत बघत असतात, ऊन छान तिरपं पडलेलं असतं आणि खाली अतूट नात्याबद्दल एखादं वाक्य असतं. आमच्याकडे लेक छातीवर असताना मी तिच्याकडे फारसा बघायचोच नाही. तीही माझ्याकडे बघायची नाही. गाल एका बाजूला टेकवून ती भिंत, खिडकी, पंखा, माझ्या बाहीचं बटण असलं काहीबाही न्याहाळत बसायची आणि मी माझं काम उरकत असायचो. तिला मी अंग दिलेलं असायचं, लक्ष दिलेलं नसायचं. आणि माझं ठाम मत असं झालंय की पहिल्या काही महिन्यांत बाळाला या दोन्हींतलं अंग जास्त लागतं, आणि आपण मात्र लक्ष देत सुटतो.

लक्ष देणं ही हल्लीच्या आईबापांची मोठी हौस. खुळखुळा वाजव, काळी-पांढरी चित्रं दाखव, नाकाला नाक लावून बोबडं बोल. दोन मिनिटांनी बाळ मान फिरवतं, जांभई देतं, मुठी आवळतं. त्याच्या परीने ते ‘पुरे’ म्हणत असतं. आपण खुळखुळा बदलतो. मग ते रडायला लागतं आणि आपण म्हणतो, कंटाळलं वाटतं, अजून काहीतरी दाखवायला हवं. अंग देण्यात ही दगदग नाही. तुम्ही उबदार आहात, हलताय, श्वास घेताय, तुमच्या छातीतून आवाज घुमतोय, एवढं पुरतं. तुम्ही त्या वेळी मनात इन्कम टॅक्सचा हिशेब करत असलात तरी बाळाची त्याला हरकत नसते.

बाळाला अंग का हवं, याचं उत्तर त्याच्या मुठीत आहे. अक्षरशः. नवजात बाळाच्या तळव्यावर बोट टेकवलं की ती मूठ अशी काही मिटते की सोडवताना एकेक बोट उलगडावं लागतं. लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याची जी चाचणी घेतली ती आज कुणी घेऊ देणार नाही. महिन्याच्या आतली साठेक बाळं घेतली आणि त्यांच्या हातात काठी देऊन ती हवेत लोंबकळतात का ते पाहिलं. लोंबकळली! जवळजवळ सगळ्यांनी निदान दहा सेकंद स्वतःचं वजन पेललं, आणि तीन आठवड्यांच्या एका बाळाने तर अडीच मिनिटांहून जास्त. हे १८९१ मध्ये छापून आलं. ज्याला स्वतःची मान धरता येत नाही, तो जीव स्वतःला टांगून घेऊ शकतो. पुढे १९१८ मध्ये अर्न्स्ट मोरो या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने आणखी एक हालचाल नोंदवली. बाळाचं डोकं अचानक किंचित मागे गेलं की त्याचे दोन्ही हात फाकतात आणि लगेच समोर काहीतरी कवटाळायला आल्यासारखे परत येतात. पाळण्यात ठेवताना बाळ दचकतं ते हेच. ते कवटाळायला आलेले हात हवेतच मिटतात, कारण तिथे कुणी नसतं.

चिंपांझीचं पिल्लू असतं तर तिथे आईची लव असती. ते पिल्लू पहिले काही महिने आईच्या अंगावरून खाली उतरतच नाही, पोटाशी चिकटून असतं, आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईतो तिच्या पाठीवरून हिंडतं. आपण दोन पायांवर उभे राहिलो, पायाचा अंगठा चालण्याच्या कामाला लागला, अंगावरचे केस धरण्याजोगे राहिले नाहीत. पोराच्या हातापायांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. ते जुन्याच पत्त्यावर घट्ट धरायला येतात.

दुधाचंही तेच. सशाची मादी पिल्लांना बिळात झाकून निघून जाते आणि दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटं, पाजायला येते. तेवढ्यावर दिवस निघावा म्हणून तिचं दूध प्रथिनांनी आणि स्निग्धांशाने ठासून भरलेलं असतं. माणसाच्या दुधात प्रथिनं जेमतेम एक टक्का आणि स्निग्धांश चारएक टक्के. असं पातळ दूध पुन्हापुन्हा प्यावं लागतं, आणि पुन्हापुन्हा प्यायचं तर पिणाऱ्याने जवळच असायला हवं. निकोलस ब्लर्टन जोन्स या अभ्यासकाने १९७२ मध्ये हा धागा पकडून मांडलं की माणूस हा पिल्लू बिळात ठेवून जाणारा प्राणी नव्हे, सोबत वाहून नेणारा आहे. त्याआधी दोन वर्षं जर्मन जीवशास्त्रज्ञ बर्नहार्ड हासेनश्टाइन यांनीही घरट्यात पडून राहणारी आणि जन्मताच धावणारी या दोन वर्गांपलीकडे ‘वाहून नेली जाणारी’ असा तिसरा वर्ग सुचवून माणसाचं बाळ त्यात घातलं होतं. रात्री दोन वाजता पाळण्यात ठेवताच लेक किंचाळायची, तेव्हा या हासेनश्टाइनबाबांची मला फार सोबत व्हायची. पोरीचं काही बिघडलेलं नाही, ती तिच्या वर्गाप्रमाणे वागते आहे.

तर धरायला केस नाहीत, बाळाला चिकटता येत नाही, आणि आईला तर हात हवेत. इथे कापड येतं. कापडाच्या आधी कातडं असेल, सालीचे पट्टे असतील, वेली असतील. संग्रहालयात दगडी हत्यारांची दालनंच्या दालनं असतात, कारण दगड टिकतो. बाळ बांधायची झोळी कुजून जाते, तिला काचेच्या कपाटात जागा मिळत नाही. पण कारा वॉल-शेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोजून दाखवलं की बाळ झोळीत घेऊन चालण्यापेक्षा नुसतं हातावर घेऊन चालायला सरासरी सोळा टक्के जास्त ऊर्जा लागते. रोज मैलोन्‌मैल चालून पोट भरणाऱ्या बाईला हा फरक परवडणारा नव्हता. मला तर वाटतं, माणसाने अगदी सुरुवातीला जी साधनं केली त्यात एखादी झोळी नक्की असणार आणि ती बनवणारी कुणी बाईच असणार.

पुढे जगभर याचे किती प्रकार झाले! मेक्सिकोतला रेबोझो, अँडीजच्या डोंगरांतली चौकोनी मांता, पूर्व आफ्रिकेतली कांगा, कोरियातली पोदेगी, जपानमधली ओंबुहिमो. बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट बायकांच्या अमाउती या कोटाला तर पाठीतच बाळासाठी पिशवी असते, म्हणजे पोर आईच्या उबेत राहतं आणि तिचे हात मोकळे. यांतलं एकही कापड नातं घट्ट करण्यासाठी जन्माला आलेलं दिसत नाही. ज्यांच्यापुढे कामाचा ढीग होता त्यांनी ती बांधली. नातं घट्ट झालं असेल तर ते काम करता करता.

उलट बाजूला बाबागाडीचा जन्म पाहा. विल्यम केंट या इंग्लिश वास्तुरचनाकाराने १७३३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली. ती ओढायला बकरी किंवा तट्टू जुंपायचं. ज्या घरात आईबापांना हातांचं विशेष काम नव्हतं, त्या घरासाठी केलेलं ते खेळणं. बाबागाडीशी माझं वैर नाही, आमच्याकडेही आहे, पिशव्या ठेवायला झकास. पण मधल्या काळात गाडी प्रतिष्ठेची आणि पाठीवरचं पोर गरिबीचं, असं समीकरण होऊन बसलं, त्याची सुरुवात मला या बकरीपाशी दिसते.

पाठीवरचं पोर पुन्हा दुकानात आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अ‍ॅन मूर नावाच्या अमेरिकन नर्सने १९६० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवी योजनेचं काम करताना तिथल्या बायकांच्या पाठीवरची शांत बाळं पाहिली होती. स्वतःला मुलगी झाल्यावर तिने शालीने बांधायचा प्रयत्न केला, पोर सरकायला लागलं, मग तिच्या आईने, ल्यूसी ऑकरमनने, शिवून एक पिशवी तयार केली. ‘स्नगली’ या नावाने ती खपली, १९६९ मध्ये तिचं पेटंटही निघालं. त्याच सुमारास जर्मनीत एरिका हॉफमनला जुळी झाली आणि तिने घरातला मेक्सिकन रेबोझो काढला. १९७२ मध्ये तिचा कापडाचा व्यवसाय सुरू झाला. कापडाच्या टोकाला दोन कड्या शिवलेली रिंग स्लिंग १९८१ मध्ये हवाईत रेनर गार्नर यांनी केली. या सगळ्यांना कुणाचं तरी शहाणपण आयतं मिळालं होतं. त्यांनी त्याला बकल लावलं आणि वापरायची सूचनापत्रिका जोडली. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, कारण ज्याच्या घरात बांधून दाखवणारं कुणी नसतं त्याला सूचनापत्रिका लागतेच.

मला लागली. आमच्याकडे आधी आला तो विणलेला लांब रॅप, साडेचार मीटरच्या वर. मधोमध एक खूण असते, ती छातीवर धरायची, दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन फुलीसारखी ओलांडायची, खांद्यांवरून पुढे आणायची, मग बाळ आत घ्यायचं. टोकं जमिनीवर लोळतात, त्यांवर आपलाच पाय पडतो, आणि छातीवर चार किलोचा एक अधीर प्राणी आपलं तोंड गळ्यात घुसळत असतो. इथे घाई करून चालत नाही. कापड एकदम ओढलं तर वरची कड सैल राहते आणि खालची काचते. एकेक पट्टी चिमटीत धरून, आधी वरची कड, मग मधला भाग, मग खालची, असं ढिलेपण खांद्यावरून सरकवत टोकापर्यंत न्यायचं. नीट जमलं की ते कळतं, वजन हातांतून नाहीसं होतं. आपण बाळाखालचा हात भीत भीत काढतो आणि काही होत नाही. ते तिथेच असतं. गाठ मारून मी सरळ उभा राहिलो की लेक एक मोठा, थरथरता श्वास सोडायची आणि अंग सैल टाकायची.

त्या उंचीवरून तिची टाळू माझ्या हनुवटीखाली यायची. केसांतून ती मऊ जागा हलकेच वरखाली होताना दिसते. कानामागे दूध सुकलेलं असतं, ते हमखास राहून जातं. थोड्या वेळाने कापडाबाहेर एक मूठ येते आणि कॉलर पकडते. झोप लागली की ती मूठ आधी सैल होते, मग पाय, मग तोंड उघडं पडून शर्टावर लाळेचा गोल. तो शर्ट घालून मी बाहेर गेलोय, लोकांनी काय समजायचं ते समजोत.

सुरक्षिततेचं मात्र मी गंभीरपणे सांगतो, कारण हौसेच्या भरात हेच राहतं. लहान बाळाचं डोकं जड, मान कच्ची आणि श्वासाची नळी मऊ असते. हनुवटी छातीला टेकली तर ती नळी दुमडते आणि बाळ आवाज न करता गुदमरू शकतं. रडत नाही, धडपडत नाही, म्हणून आपल्याला झोपलंय असंच वाटतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. वीस वर्षांत झोळीशी जोडलेले निदान चौदा मृत्यू त्यांच्या नोंदीत होते, आणि चार महिन्यांखालची, अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं जास्त धोक्यात असतात असं त्यात म्हटलं होतं. खोलगट पिशवीत बाळ आडवं गुंडाळून ठेवायचे प्रकार मला त्यामुळे मुळीच पसंत नाहीत. बाळ उभं हवं, घट्ट हवं, मान खाली न वळवता चेहरा दिसायला हवा, आपण ओठ टेकवले तर त्याच्या डोक्याला लागावेत इतकं वर हवं, हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एका बोटाची जागा हवी, आणि पाठीला आधार हवा म्हणजे ते आत घसरून गोळा होणार नाही. लक्ष द्यायचं नाही असं मी एवढं म्हणतोय, पण हे एक लक्ष कायम द्यायचं. मला त्याची इतकी सवय झाली की भांडी घासताना माझी नजर दर थोड्या वेळाने आपसूक खाली जायची, नाक मोकळं आहे ना बघून परत नळाकडे.

आई राहायला आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी हरकत घेतली. तिची काळजी पायांची होती.

“अरे, पाय बघ कसे फाकलेत पोरीचे. वाकडे होतील अशाने.”

“आई, तू कडेवर घेतेस तेव्हा तरी वेगळे कुठे असतात?”

“कडेवरचं वेगळं.”

वेगळं नाही, आणि तिचे हात ते तिच्याहून चांगलं जाणत होते. नवजात बाळाच्या खुब्याची वाटी अजून बरीचशी कूर्चेची असते, मांडीच्या हाडाचं टोक त्यात नीट बसायचं तर मांड्या वर उचललेल्या आणि बाजूला फाकलेल्या असणं चांगलं. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेलं, गुडघे ढुंगणापेक्षा वर, समोरून पाहिलं तर इंग्रजी एम अक्षर दिसावं. कडेवर घेतलेलं बाळ आपणहून हाच आकार घेतं. पाय सरळ करून ताणून घट्ट गुंडाळणं हे खुब्याला खरं त्रासाचं. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असेल. पण मला नको तुझे ते पट्टे,” आणि पोरीला कडेवर घेऊन गॅलरीत गेली. डाव्या कडेवर. ली सॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये नोंदवलंय की उजव्या हाताने काम करणाऱ्या ८३ टक्के आया बाळ डावीकडे धरतात. उजवा हात मोकळा राहावा म्हणून असेल, असं वाटेल. पण डावखुऱ्या आयांतल्याही ७८ टक्के डावीकडेच धरत होत्या. हृदयाच्या ठोक्यांमुळे, असं सॉक यांना वाटलं. नंतर इतरांनी इतर कारणं काढली. आईला विचारलं तर म्हणाली, असंच बरं पडतं.

तिची दुसरी हरकत सार्वत्रिक आहे. जिन्यात भेटणाऱ्या काकूंपासून ऑफिसातल्या, स्वतःला मूल नसलेल्या सहकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ती घेतली: सवय लागेल हं, मग खाली राहायची नाही.

यावर मॉन्ट्रियलमधल्या हुन्झिकर आणि बार यांचा १९८६ चा अभ्यास सांगण्याजोगा आहे. ९९ आया आणि त्यांची बाळं. अर्ध्याजणींना सांगितलं, बाळ रडो न रडो, रोजच्यापेक्षा काही तास जास्त अंगावर बाळगा. सहा आठवड्यांचं वय हे रडण्याचं शिखर असतं. त्या वयाला जास्त अंगावर राहिलेली बाळं ४३ टक्के कमी रडली, आणि संध्याकाळच्या वेळात ५१ टक्के कमी. यातलं ‘रडो न रडो’ मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रडल्यावर उचलणं म्हणजे लक्ष देणं. आधीपासूनच अंगावर असणं ही वेगळी गोष्ट आहे. याच अभ्यासात एक बारीक निरीक्षण होतं, ते फार कुणी सांगत नाही. बाळं रडायला लागण्याच्या वेळा तितक्याच होत्या. एकेक रडणं लवकर आटपत होतं. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग समाजाची बाळं जवळजवळ दिवसभर अंगावर असायची, त्यांचंही असंच. रडणं येतंच, पण लांबत नाही.

आता जाहिरातवाल्यांना न आवडणारा भाग. याच बार यांनी १९९१ मध्ये आधीच खूप रडणाऱ्या, पोटदुखीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाळांवर हा उपाय करून पाहिला, फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये १९९५ साली केलेल्या अभ्यासातही रडणं कमी झालं नाही. म्हणजे कॅरियर हे औषध नव्हे, आणि तुमचं पोर त्यात ठेवूनही तासभर बोंबलत असेल तर तुमच्या गाठीत खोट आहे असं समजायचं कारण नाही. ‘कॅरियर वापरला नाही तर नातं कच्चं राहील’ असं सुचवणाऱ्या कट्टर मंडळींचा तर मला रागच येतो. नवी आई आधीच पुरेशी घाबरलेली असते. हो, न्यूयॉर्कमध्ये १९९० चा एक अभ्यास आहे. त्यात गरीब वस्तीतल्या काही आयांना चिठ्ठ्या टाकून मऊ कॅरियर दिले, काहींना बाळ ठेवायची खुर्ची, आणि तेरा महिन्यांनी कॅरियरवाल्या ८३ टक्के बाळांचं आईशी सुरक्षित नातं दिसलं, तर खुर्चीवाल्या ३८ टक्क्यांचं. फरक मोठा आहे, पण बाळं पन्नासच्या आत. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते इतकंच, की ज्या आयांकडे वेळ नव्हता, पैसा नव्हता, पुस्तकं वाचायची सोय नव्हती, त्यांना कुणी उपदेश केला नाही. एक वस्तू दिली. पुढचं अंगाने पाहून घेतलं.

अंग काय करू शकतं याचा खरा पुरावा अगदी छोट्या बाळांकडे आहे. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या प्रसूतिगृहात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, एकेका पेटीत दोन-दोन बाळं. त्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं नुसत्या लंगोटावर आयांच्या उघड्या छातीवर उभी ठेवून कापडाने बांधायला सुरुवात केली. ती तगली. आज याला कांगारू मदर केअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं प्रकृती स्थिरावायची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीवर घेतली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. सव्वा किलोच्या जिवाला कुणी खुळखुळा दाखवत नसतं. त्याला दुसऱ्याच्या अंगाची ऊब, ठोके आणि श्वास यांच्या आधाराने स्वतःचे ठोके आणि श्वास सांभाळायचे असतात. आणि आई आजारी असेल तर बापाची छातीही चालते.

हे शेवटचं मला उगीच नाही महत्त्वाचं वाटत. माझ्याकडे दूध नव्हतं. संध्याकाळी पोरीची किरकिर सुरू झाली की ती माझ्याकडून तिच्या आईकडे आणि आईकडून माझ्याकडे फिरायची, आणि बापाकडे आली की पाच मिनिटांत तोंड छातीवर घासून तिला कळायचं, इथे काही मिळणार नाही. कॅरियरमध्ये मात्र आमचा वेगळा व्यवहार होता. मी चालायचो. खोलीतून पॅसेज, पॅसेजमधून खोली. बसल्या जागी नुसतं झुलवून तिला चालायचं नाही, मी थांबलो की दोन सेकंदांत डोकं वर. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने २०१३ मध्ये हे मोजलं. आई बाळाला घेऊन बसलेली असताना आणि घेऊन चालत असताना, यात चालताना बाळाचं हलणं आणि रडणं थांबतं, हृदयाचे ठोके काही क्षणांत उतरतात. उंदराची पिल्लंही आईने मानेला धरून उचलली की अशीच गप्प होतात. पळताना पिल्लाने चुळबुळ केली तर दोघंही मरणार, हा जुना हिशेब असावा. त्याच गटाने २०२२ मध्ये झोपवण्याचं गणितही मांडलं. पाच मिनिटं चालायचं, झोप लागली की लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं बसून राहायचं, मग ठेवायचं. पाठ गादीला टेकल्यामुळे बाळ जागं होतं असं आपल्याला वाटतं, पण ठोके त्याआधीच बदलतात, अंग अंगापासून सुटायला लागतं त्या क्षणी. आमच्या पॅसेजमध्ये हे आम्हाला ठाऊक होतं, आकडे जपानहून आले.

लोक बघायचे. बाईच्या छातीवर बाळ असलं की कुणाचं लक्ष जात नाही, बापाच्या छातीवर असलं की अनोळखी माणसंही थांबून सल्ला देतात किंवा कौतुक करतात, आणि दोन्ही अस्थानी असतं. एकदा माझी बायको मागून दोन्ही हातांत सामान घेऊन येत होती आणि कौतुक माझं चाललं होतं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं, मग सामान माझ्या हातात दिलं. कॅरियरचा फायदाच तो, हात रिकामे असतात.

चार-पाच महिन्यांनी पकडणारी मूठ सैल पडू लागते, ती उपजत पकड विरते आणि हात स्वतःच्या मर्जीने वस्तू धरायला लागतात. त्याच सुमारास तिला माझी छाती कमी आणि जग जास्त हवं झालं. पुढे तोंड करून टांगण्यापेक्षा मी तिला कडेवर घेतलं, आणि ती नीट बसायला लागल्यावर पाठीवर. पाठुंगळीचं गणित निराळं. तिथे चेहरा दिसत नाही, म्हणून मान आणि पाठ पक्की झाल्याखेरीज मी ते केलं नाही. पण वजन कमरेवर येतं आणि नऊ-दहा किलो घेऊनही माणूस माणसासारखा चालतो.

पाठीवर बांधलेलं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावरची राणी लक्ष्मीबाई येते. मीही त्याच चित्रावर वाढलो. स्वतः पोर बांधायला लागल्यावर मात्र सवयीने वजनाचा हिशेब केला. दत्तकविधान १८५३ चं, झाशी सोडली १८५८ मध्ये. दामोदरराव तोवर तान्हा असणं शक्यच नाही, चांगला वाढत्या वयाचा मुलगा झालेला. पुतळ्यांतल्या त्या गुटगुटीत बाळाच्या जागी तेवढा मुलगा ठेवून बघा, मग बाईंच्या पाठीबद्दल आणि घोड्याबद्दल आदर आणखी वाढतो.

पाठीवरून लेक जग माझ्या उंचीवरून बघायची. दोन माणसं बोलतात तेव्हा आळीपाळीने बोलतात, दुकानदार हसतो, दार ढकलायचं की ओढायचं यावर बाबा अडखळतो, हे सगळं तिला खांद्यावरून दिसायचं आणि त्यात तिचा काही भाग नसायचा. ती मध्यभागी नव्हती, कुणी तिला काही शिकवत नव्हतं. मला ते फार चांगलं वाटायचं. बाबागाडीतून गुडघे दिसतात, आणि घरी सतत तिच्यासमोर नाचणारे आम्ही. कामातली माणसं बघायची सोय तिला पाठीवरच होती. भांडी घासताना ती मानेशी बडबडायला लागली, त्यातला पहिला ओळखू येणारा आवाज नळ बंद करायच्या वेळचा होता.

आता ती पळते. कॅरियरवरच्या चिठ्ठीत वीस किलोपर्यंत चालेल असं छापलंय, पण त्यांनी माझी कंबर पाहिलेली नाही. गेल्या महिन्यात ऑफिसातला तोच, ‘सवय लागेल’ म्हणणारा सहकारी बाप झाला आणि संकोचून विचारायला आला, तुझ्याकडचं ते पडून आहे का. मी पट्टे, बकलं, शिवण तपासून दिलं. आधी उशी बांधून सराव कर, पहिल्यांदा बाळ घेशील तेव्हा पलंगाशी उभा राहा, हनुवटी बघ, खोकल्याचं औषध घेऊन पेंगत असशील तर बांधू नकोस, इतकं सांगितलं. त्याने विचारलं, आत असताना तिच्याशी काय खेळायचं, काय बोलायचं, काही खास असतं का.

म्हटलं, काही नाही. तुझ्याकडे भांडी कोण घासतं?